खिशातली गारगोटी

बालमित्रांनो, तुमच्या खिशात आत्ता काय काय आहे? खरं सांगा हं! चिंचोके? गोट्या? बाटलीचं बूच? की आईनं धुवायला घेतलेल्या चड्डीतून निघालेला आणि भिजून लगदा झालेला गोळीचा कागद?

माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण "बाई, मासिकात नाव नका टाकू," असं त्यानं मला बजावलंय. वर्गातली मुलं त्याला 'खिसेफाडू' म्हणतात. त्याचे दोन्ही खिसे कायम फाटलेले! कारण काय, तर त्यात दगड भरलेले असतात. पांढरे, हिरवट, चमचमणारे, टोकदार, नाना तऱ्हेचे दगड. प्रार्थनेला तो हात जोडून उभा राहिला, की खिशातून एक तरी दगड टपकन खाली पडतो आणि अख्खी रांग फिदीफिदी हसते.

त्याचे वडील आमच्या गावाबाहेरच्या दगडखाणीत काम करतात. घण, पहार आणि छिन्नी ही त्यांची हत्यारं. तिथला दगड क्रशरमध्ये जातो, त्याची खडी होते आणि ती खडी रस्त्यांवर पडते.

गेल्या जुलैतली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस. मी फळ्यावर अपूर्णांक शिकवत होते आणि मागच्या बाकावर कुजबुज चालली होती. जाऊन पाहते तर याच्या तळहातावर बोराएवढा लख्ख तुकडा. पाण्यासारखा पारदर्शक.

"काय रे हे? काच आणलीस वर्गात? कुणाचा हात कापला म्हणजे?"

"बाई, ती काच न्हाई. खाणीतली हाये. आबांनी दिली."

मी ऐकलंच नाही. तो तुकडा उचलला आणि खिडकीतून बाहेर कचऱ्याच्या खड्ड्यात भिरकावून दिला. "उद्यापासून दगडधोंडे बंद!" असंही ठणकावलं. तो काही बोलला नाही. खाली मान घालून अपूर्णांक लिहायला लागला. त्या दिवसापासून त्याच्या खिशातून दगड पडायचे थांबले.

ही गोष्ट ध्यानात ठेवा, बरं का. पुढे तिचं काम पडणार आहे.

*

डिसेंबरात आमच्या शाळेची सहल निघाली. आमचं गाव पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. नारायणगाव, आळेफाटा, मग चंदनापुरीचा घाट उतरून संगमनेर, आणि पुढे नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर. पहाटे पाचला निघालेली लाल बस, तिच्यात बावन्न मुलं, चार शिक्षक आणि वाटेतच संपलेले खाऊचे डबे! वाटेत चहासाठी थांबलो, तिथे शेजारीच खेळण्यांची, बांगड्यांची दुकानं लागली होती. आमच्या वर्गातल्या एका चिमुरडीनं तीस रुपयांना एक अंगठी घेतली. वर निळाशार खडा. "खरा पिरोजा आहे," असं दुकानदारानं सांगितलं म्हणे. मग काय विचारता! सिन्नर येईपर्यंत बाईसाहेबांचा हात खिडकीबाहेर. सगळ्या जगाला अंगठी दिसायला नको का?

सिन्नरला आधी गोंदेश्वराचं देऊळ पाहिलं. यादवांच्या काळातलं हे देऊळ. मधोमध शंकराचं मोठं मंदिर आणि चार कोपऱ्यांत चार लहान मंदिरं. अशा पाच देवळांच्या मांडणीला 'पंचायतन' म्हणतात. सगळं बांधकाम काळ्या दगडातलं. हा दगड म्हणजे बेसाल्ट. तुमच्या घराचं जोतं, गावातली जुनी विहीर, रायगडाची तटबंदी, अजिंठा-वेरूळची लेणी, या सगळ्यांत हाच काळा दगड.

तो आला कुठून? सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथली जमीन जागोजागी भेगाळली आणि त्या भेगांतून तापलेला लाव्हारस वाहू लागला. तो निवला, त्यावर दुसरा थर आला, त्यावर तिसरा. असे थरावर थर चढत गेले. पश्चिम घाटात त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्याही वर भरते. सह्याद्रीचे डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ना, ते थरच आहेत. हा दगड आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे.

"बाई, सहा कोटी साठ लाख म्हणजे किती हो?" एकानं विचारलं. मग आम्ही देवळाच्या आवारातच हिशेब मांडला. एका पावलाला हजार वर्षं धरायची. शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ सालचा. म्हणजे तिथपर्यंत जायला निम्मं पाऊलही लागत नाही. हे देऊळ बांधलं गेलं, तो काळ जेमतेम एका पावलावर. आणि लाव्हारसापर्यंत जायचं तर? सहासष्ट हजार पावलं! तुमचं पाऊल अर्ध्या मीटरचं धरलं, तर तेहतीस किलोमीटर. सिन्नरहून चालत निघालात, तर नाशिक येईल. मुलांनी हिशेब ऐकला आणि एकदम पाय दुखल्यासारखे खालीच बसली.

आमचे खिसेफाडू महाशय मात्र भिंतीला नाक लावून उभे होते. काळ्या दगडात त्यांना ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके दिसले होते.

"असले आमच्या खाणीत बी असत्यात," तो हळूच शेजारच्याला म्हणाला. मला ऐकू जाऊ नये, अशा बेतानं. पण मला ऐकू गेलं.

*

दुपारी आम्ही सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत गेलो. आजूबाजूला कारखाने, मालमोटारींची ये-जा, आणि त्यांच्यामध्ये एक संग्रहालय. नाव 'गारगोटी'. भारतीय नौदलात नोकरी केलेले के. सी. पांडे यांनी २००१ साली हे खनिजांचं संग्रहालय सुरू केलं. गारगोटी म्हणजे पांढरा, गुळगुळीत, चकमकीसारखा दगड. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणग्या पाहण्याचा खेळ तुम्हीही खेळला असाल.

आत शिरलो आणि बावन्न तोंडं एकदम गप्प झाली. आमच्या मुख्याध्यापकांनासुद्धा हे कधी जमलं नव्हतं!

अंधुक दालन. काचेच्या कपाटांत दिवे. आणि त्या दिव्यांखाली दगड. पण दगड म्हणावं तरी कसं? एक अगदी कापसाच्या बोंडासारखा. पांढरा, केसाळ, वाटावं की फुंकर घातली तर उडेल. त्याचं नाव ओकेनाइट. दुसऱ्याचे नुसते पांढरेशुभ्र काटे, साळिंदरानं रागानं पिसारा फुलवावा तसे. तो स्कोलेसाइट. तिसरा पिकल्या आंब्याच्या फोडीच्या रंगाचा, मोत्यासारखी झाक असलेला, मधोमध आवळून बांधलेल्या पेंढीसारखा दिसणारा. तो स्टिल्बाइट.

"बाई, हे कुणी कोरले?"

कुणीच नाही! ते असेच वाढले. कसे, ते आता ऐका.

तुमची आई आंबोळी करते तेव्हा तिला जाळी पडते ना? पिठातली हवा बुडबुड्यांनी वर येते आणि भोकं राहतात. लाव्हारसातही वायू कोंडलेले होते. लाव्हारस घट्ट होताना त्यातले काही बुडबुडे आतच अडकले आणि काळ्या दगडात पोकळ्या राहिल्या. कुठे मुगाएवढ्या, कुठे नारळाएवढ्या, तर कुठे माणूस आत बसेल एवढ्या. पुढे फार मोठ्या काळात या दगडातून पाणी झिरपत राहिलं. काही ठिकाणी गरम पाणी. त्यानं दगडातली द्रव्यं विरघळवली, वाहून आणली आणि पोकळ्यांच्या भिंतींवर सावकाश, कणाकणानं बसवली. खडीसाखर कशी करतात, ठाऊक आहे? साखरेच्या दाट पाकात दोरा सोडून ठेवतात आणि तो मुळीच हलवत नाहीत. दोऱ्यावर खडे धरतात. धरतीच्या पोटात अशीच खडीसाखर धरली. फक्त तिथला हलवाई भलताच धीराचा!

यातल्या पुष्कळ खनिजांच्या कुटुंबाचं नाव आहे झिओलाइट. हे नाव १७५६ साली क्रॉनस्टेड नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं दिलं. त्यानं असा एक दगड तापवून पाहिला, तर त्यातून वाफ निघाली आणि तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडून त्यानं नाव ठेवलं, 'उकळणारा दगड'. झिओलाइटच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे बारीक बोगदे असतात आणि त्यांत पाणी राहतं. माणसानं हाच गुण हेरला. आता कारखान्यात झिओलाइट बनवतात. जड पाणी मऊ करायला आणि कपड्यांच्या पावडरींत ते वापरतात.

*

तेवढ्यात आमची अंगठीवाली किंचाळली, "बाई, इकडे या! माझा पिरोजा!"

कपाटात राखी-पांढऱ्या दगडावर बटणाएवढा निळा गोंडा बसला होता. असला निळा रंग, की नजर हटेना. मोराच्या मानेवरचा म्हणावा, तर त्याहून गडद. पण तो पिरोजा नव्हता. तो होता कॅव्हन्साइट. कॅल्शियममधला 'कॅ', व्हॅनेडियममधला 'व्हॅन' आणि सिलिकॉनमधला 'सि' घेऊन १९७३ साली त्याचं बारसं झालं. तो पहिल्यांदा सापडला अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये. पण त्याचे जगात नावाजलेले नमुने निघाले ते आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून. त्याचा निळा रंग व्हॅनेडियममुळे येतो.

मग पिरोजा कोणता? त्याला फिरोजाही म्हणतात. 'पिरोजी रंगाची साडी' म्हणतो ना आपण, ते नाव याच खड्याचं. हे रत्न आपल्या काळ्या दगडाचं लेकरू नव्हे. ते कोरड्या मुलखात तयार होतं. तिथलं पाणी खडकांच्या भेगांतून तांबं, ॲल्युमिनियम आणि फॉस्फेट वाहून आणतं आणि त्यांचा निळा थर भेगांत बसतो. निळाई येते ती तांब्यामुळे. इराणमधल्या निशापूरच्या खाणींतला आभाळी पिरोजा दोन हजार वर्षांहून अधिक काळ नावाजलेला आहे. प्राचीन इजिप्तचे लोक सिनाईच्या वाळवंटातून पिरोजा काढत. १९२२ साली तुतनखामेन या राजाची कबर सापडली. त्याच्या सोन्याच्या मुखवट्यातही पिरोज्याचे तुकडे जडवलेले आहेत. युरोपात हा खडा तुर्कस्तानमार्गे पोहोचला, म्हणून तिकडच्या लोकांनी त्याचं नावच 'तुर्की' ठेवलं. माल इराणचा आणि नाव तुर्कांचं!

पिरोजा मोठा नाजूक असतो, बरं का. त्याच्या अंगात बारीक छिद्रं असतात. तेल, घाम, साबण तो पिऊन टाकतो आणि निळ्याचा हिरवट होत जातो. त्याचे नकली भाऊही बाजारात ढीगभर. हाऊलाइट नावाचा पांढरा, स्वस्त दगड असतो. त्याला निळ्या रंगात बुडवलं, की झाला पिरोजा!

हे ऐकून अंगठीवालीनं हात पाठीमागे लपवला. पण परतीच्या वाटेवर संगमनेरला हात धुताना व्हायचं ते झालंच. अंगठी पांढरी पडली आणि बोट निळं झालं!

*

आता ती जुलैतली गोष्ट पुन्हा आठवा.

मी मुलं मोजत होते. पन्नास, एक्कावन्न... एक कमी. शोधत गेले तर खिसेफाडू एका कपाटासमोर एकटाच उभा. आत पाण्यासारख्या लख्ख स्फटिकांचा झुबका होता. प्रत्येक स्फटिकाला चार बाजू, वर निमुळतं टोक. कुठे रंगहीन, कुठे पोपटी छटा.

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "बाई, ही बघा तुमची काच."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे आधी सांगते. पण माझा चेहरा खर्रकन उतरला. पाटीवर लिहिलं होतं, अपोफिलाइट. याला हे नाव आयुई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८०६ साली दिलं. तापवला की याचे पापुद्रे सुटतात, म्हणून 'पानं गाळणारा' अशा अर्थाचं ते ग्रीक नाव. हा झिओलाइटच्या कुटुंबातला नाही, पण त्याच पोकळीत त्यांच्या शेजारी राहतो.

काच आणि स्फटिक यांत फरक काय, ते मी शिक्षिका असून विसरले होते. शाळा सुटल्याची घंटा झाली की मुलं कशीही, कुठेही पळतात ना? काचेतले कण तसे असतात. आणि कवायतीला तुम्ही हातभर अंतर ठेवून ओळीत उभे राहता. स्फटिकातले कण तसे असतात. ओळीत ओळ, थरावर थर. म्हणून काच फुटली की तुकड्यांना वाटेल तो आकार येतो, पण स्फटिक वाढतानाच आपला ठरलेला आकार घेऊन वाढतो. जुलैत त्याच्या तळहातावरच्या तुकड्याला चार सरळ बाजू होत्या. मी नीट पाहिलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं. पण मी पाहिलंच नव्हतं.

संग्रहालय दाखवणारे काका जवळ आले. त्यांना मी सांगितलं, की याचे वडील दगडखाणीत काम करतात. तसं त्यांनी त्यालाच विचारलं, "मग सांग बरं, हा दगड न फोडता बाहेर कसा काढतात?"

आणि आमचा हा मुलगा, ज्याला वर्गात दोन वाक्यं बोलताना घाम फुटतो, तो घडाघडा बोलू लागला. "पहारीचा आवाज बदलतो. आधी ठणठण येतो, मग डबडब. डबडब आला की आत पोकळी. मग घण थांबवायचा. भोवतीनं छिन्नीनं कोरायचं. हात आत घालायचा न्हाई, आधी उजेड दाखवायचा. धार लागती. बाहेर काढला की गवतात गुंडाळायचा." मुलं भोवती गोळा झाली. काकाही कान देऊन ऐकत होते. 'खिसेफाडू' म्हणून कुणीही हसलं नाही.

बोलून झाल्यावर त्यानं पाटीकडे बोट दाखवलं. "बाई, हितं दगडाचं नाव हाये. गावाचं नाव हाये. काढणाऱ्याचं नाव कुठं लिवत्यात?"

खनिजाच्या पाटीवर त्याचं नाव आणि सापडल्याचं ठिकाण लिहायची रीत आहे, कारण ठिकाण कळलं की शास्त्रज्ञांना बाकीचं पुष्कळ कळतं. मी त्याला तसं सांगितलं. त्यानं मान डोलावली. पण त्याचा प्रश्न काही माझी पाठ सोडेना.

बसमध्ये मी त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "जुलैत मी चुकले, बाळा. तुझं ऐकायला हवं होतं." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "असू द्या बाई. आबा दुसरा देतील."

*

घरी आल्यावर मी पुस्तकं चाळली आणि एक गंमत हाती लागली.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचं शहर आहे. तिथे दर वर्षी रत्नांची आणि खनिजांची फार मोठी जत्रा भरते. देशोदेशींचे व्यापारी, शास्त्रज्ञ आणि हौशी लोक येतात. ॲरिझोनातल्या तांब्याच्या खाणींतून निघालेला पिरोजा तिथे असतो, आणि महाराष्ट्राच्या काळ्या दगडातले अपोफिलाइट, स्टिल्बाइटही असतात. आमच्या खाणीचे आणि निशापूरच्या पिरोज्याचे नातेवाईक तिथे एकाच टेबलावर भेटतात म्हणा ना! आणि ही जत्रा १९५५ साली पहिल्यांदा भरली कुठे? एका प्राथमिक शाळेत!

आणखी एक. ॲरिझोनात बिस्बी नावाचं गाव आहे. तिथल्या तांब्याच्या खाणीत पिरोजा निघे. कंपनीला हवं होतं तांबं. निळे खडे खडकाबरोबर टाकून दिले जात. तेव्हा खाणकामगार ते आपल्या जेवणाच्या डब्यात लपवून घरी नेत, असं सांगतात. कुणाचा डबा, कुणाचा खिसा! पिरोजा काय, अपोफिलाइट काय, क्रशरच्या तोंडी जाण्याआधी कुणीतरी तो उचलून घ्यावा लागतो. तो उचलणारा हात बहुधा घट्टे पडलेला असतो.

मग आम्ही ठरवलं. टूसॉनच्या शाळेत जमलं, तर आपल्या शाळेत का नाही?

२६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर आमच्या वर्गात प्रदर्शन भरलं. कपाटं कुठली? बाकांवर जुन्या साड्या अंथरल्या. दिवे कुठले? कौलातून येणारं ऊन होतं ना! मुलांनी आणलेले एकशे अकरा दगड मांडले. नदीतल्या गारगोट्या, शेतात सापडलेले अकीक, विहिरीच्या मातीतले पांढरे खडे. प्रत्येकापुढे पाटी. पाटीवर तीन ओळी, नाव, ठिकाण आणि काढणारा. ज्याचं नाव कळलं नाही, तिथे 'नाव शोधत आहोत' असं लिहिलं. असे साठ-सत्तर तरी होते.

अंगठीवालीनं तर कमालच केली. तिची पाटी अशी : 'नाव : नकली पिरोजा. ठिकाण : चहाच्या हॉटेलाशेजारी. काढणारा : तीस रुपये.' तिच्याभोवती सगळ्यांत जास्त गर्दी!

अकराच्या सुमाराला खिसेफाडूचे आबा आले. खाणीची सुट्टी होती. धुतलेला सदरा घातलेला, हातात फडक्याचं गाठोडं. दाराशीच चपला काढून उभे राहिले. "आत या ना," म्हटलं, तर म्हणाले, "पायाला माती हाये बाई." मुलानंच त्यांचा हात धरून आत आणलं. गाठोडं सोडलं तर आत गवतात गुंडाळलेला नारळाएवढा दगड. काळी पाठ, आणि पोटात पोपटी स्फटिकांची दाटी. वर्गातला गलका एकदम थांबला.

मुलानं पाटी आधीच लिहून ठेवली होती. नाव, अपोफिलाइट. ठिकाण, आमच्या गावाची खाण. काढणारा, आणि पुढे वडिलांचं पूर्ण नाव, आडनावासकट, ठसठशीत अक्षरांत. आबांनी ते बोटानं एकेक अक्षर लावत वाचलं. मग म्हणाले, "आडनावातली वेलांटी चुकली की रं." सगळे हसले. त्यानं लगेच खोडून दुरुस्त केली. मी तेवढी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. का, ते मोठ्या माणसांनी ओळखावं.

*

तर दोस्तांनो, तुम्हीही असं प्रदर्शन भरवा. चपलेच्या रिकाम्या खोक्यात सुद्धा भरवता येईल. दगड धुवा, वाळवा, भिंगातून बघा. त्याला स्वतःच्या बाजू आहेत का? नखानं ओरखडा उठतो का? उन्हात धरला तर उजेड आरपार येतो का? जे दिसेल ते वहीत लिहा. आणि घरी खडीसाखर करून बघा. पाक मात्र आई-बाबांनीच उकळायचा आणि दोरा सोडलेलं भांडं आठवडाभर हलवायचं नाही. हेच सगळ्यांत अवघड!

दोन गोष्टी मात्र कटाक्षानं पाळा. दगडखाणीत किंवा विहिरीच्या खोदकामावर एकट्यानं मुळीच जायचं नाही. तिथे सुरुंग असतात, दरडी असतात. आणि किल्ला, लेणी, देऊळ यांचा दगड उचकटायचा नाही. तो तिथेच शोभतो.

आई-बाबांना एक सांगणं आहे. मुलांचा खिसा झटकताना जरा थांबा आणि "हे काय रे?" असं खरोखरच्या कुतूहलानं विचारा. मी विचारलं नव्हतं. जुलैतला तो तुकडा मी कचऱ्याच्या खड्ड्यात दोन दिवस शोधला. अजून सापडलेला नाही. शोध चालू आहे.

आणि हो, सिन्नरला गेलात तर त्या लख्ख स्फटिकांच्या कपाटापाशी जरूर थांबा. तुमच्या खिशात काय निघालं, ते मला कळवा. खिसा फाटला असेल, तर आधी सुईदोरा घेऊन तो आपला आपण शिवा!